कॅम्पर गाडी घेऊन नेपाळ: निवांत जमेल का?

टिळकवाडीचे_तात्या

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झालो, मुलं आपापल्या गावी, घरी आम्ही दोघंच. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीय आणि इथं बेळगावात उद्यमबागेत एकाकडून ती आतून कॅम्पर करून घेतोय. दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर. दांडेली, आंबोली, गोवा हे होतच राहील. पण पहिला मोठा प्रवास नेपाळचा करायचं मनात आहे. दिवाळी झाली की निघायचं.

मला घाई अजिबात नकोय. टूरवाल्यांसारखं सहा दिवसांत बारा ठिकाणं नकोत. सकाळी चहा, दुपारी झोप, अंधार पडायच्या आत मुक्काम. जागा आवडली तर आठवडाभर तिथंच. आता विचारायचं ते असं की आपली केए-२२ पाटीची गाडी तिकडं कितपत चालते, कागद काय लागतात आणि रात्री गाडी लावायची कुठं? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा. ज्यांना ‘या वयात कशाला’ असं लिहायचंय त्यांनीही लिहा, घरी रोज ऐकतोच.

गोंधळी_गल्ली

तात्या, या वयात कशाला?

(तुम्हीच लिहा म्हणालात.)

चिकोडी_२३

मी सरळ बोलतो, राग मानू नका. बेळगाव ते सोनौली, म्हणजे नेपाळची सीमा, एकोणीसशे-दोन हजार किलोमीटर होतं. रोज अडीचशे धरले तरी जायला आठ दिवस आणि यायला आठ. म्हणजे निम्मी सुट्टी स्टिअरिंगवर. याला निवांत म्हणत नाहीत, याला लाइन ट्रक म्हणतात. त्यापेक्षा बेंगळूरहून विमानानं काठमांडूला जावा, तिथं ड्रायव्हरसकट जीप घ्या, चांगल्या हॉटेलात राहा. खर्च तेवढाच येईल, वर कंबर शाबूत राहील.

खानापूरचा_जंगली

चिकोडीकर, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तात्यांना आठ दिवस गाडी चालवायला आवडत असेल तर? मला तर आवडतं. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत नागपूर हा रस्ता आता सुरेख झालाय. पुढं नागपूर ते सिवनी पेंचच्या जंगलातून जातो, खालून जनावरांना जायला जागा सोडून रस्ता वर उचललाय. मग जबलपूर, कटनी, रीवा, प्रयागराज, गोरखपूर. यातलं प्रत्येक गाव एक मुक्काम आहे. आपण हायवेवरून नुसते सुसाट जातो म्हणून ते ‘मधलं अंतर’ वाटतं.

सुभेदार_कंग्राळी

तात्या, जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. सर्व्हिसमध्ये एका ठिकाणी शेजारी गुरखा पलटण होती, तेव्हापासूनचे दोस्त आहेत तिकडं, त्यामुळं येणं-जाणं आहे. मुद्द्याचं सांगतो.

कागद: आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. नुसत्या आधारवर विसंबून निघू नका. गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. आपलं लायसन्स तिकडं चालतं, गाडी डावीकडूनच चालवायची. आरसी ज्याच्या नावावर आहे तो माणूस गाडीत असला तर प्रश्नच मिटला.

सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडं बेलहिया. तिथं गाडीचं भन्सार करायचं, म्हणजे कस्टमची पावती. पैसे दिवसांवर आणि गाडीच्या प्रकारावर असतात. आपल्याला लागतात त्यापेक्षा एक-दोन दिवस जास्तीचे भरा. रस्ता बंद पडून एखादा दिवस अडकलात तर दंड भरत बसण्यापेक्षा ते स्वस्त. पावती गाडीत हाताशी ठेवा, वाटेत पोलीस मागतात. आणि एक मोठी गोष्ट लक्षात ठेवा. भारतीय गाडीला वर्षात एकूण ३० दिवसच नेपाळात ठेवता येतं. म्हणजे ‘आवडलं तर राहू की दोन महिने’ हे गाडीसकट होत नाही.

सकाळी लवकर पोचा. दुपारी ट्रकची रांग लागली की तुमची दुपारची झोप गेली.

गोंधळी_गल्ली

आपण १९५६ पासून सीमेवरच बसलोय की ओ सुभेदार, रांगेचं काय घेऊन बसलाय. सोनौलीवाल्यांनी उलट आपल्याकडं ट्रेनिंगला यावं.

टिळकवाडीचे_तात्या

सुभेदारसाहेब, फार उपयोगी माहिती. ३० दिवसांचं माहीत नव्हतं. पण मला तेवढे पुरेत.

गोंधळी गल्ली, तुम्ही भेटा एकदा रविवार पेठेत.

निपाणीची_सूनबाई

मी एक वेगळंच विचारतो. तात्या, हे ‘निवांत’ कुणाचं? गाडीत ओटा आहे म्हणालात. म्हणजे घरचा स्वयंपाक सोडून दोन हजार किलोमीटर जायचं आणि तिथं वाकून उभं राहून परत चहा, नाष्टा, भाकरी करायची. तुम्ही खुर्ची टाकून डोंगर बघणार आणि काकू आत कुकरच्या शिट्ट्या मोजणार. आमच्यात एकदा मिनीबस करून सगळे कोकणात गेलेते, गॅस-भांडी घेऊन. पुरुष मंडळी अजून सांगतात काय मजा आली. बायकांना विचारा की, त्यांना फक्त भांडी घासलेलं ठिकाण आठवतं.

काकूंना विचारलंय काय तुम्ही?

चन्नम्मा_सर्कल

+१. वैनींनी मुळावरच घाव घातला.

टिळकवाडीचे_तात्या

विचारलंय. ‘बघू’ म्हणाली.

निपाणीची_सूनबाई

‘बघू’ म्हणजे नाही. एवढी वर्षं संसार केलाय न्हवं?

लेथमास्तर

मी उद्यमबागेतच आहे, तात्यांची गाडी माझ्याकडं नाही. पण अशा दोन-चार गाड्यांचं वेल्डिंग करून दिलंय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिलं आरसी. आत बिछाने-ओटा ठोकला आणि आरसीवर अजून प्रवासी गाडीच राहिली तर विमेवाल्याला आयतं कारण मिळतं. मोटर कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि आरटीओच्या वाहन प्रणालीत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा वर्ग आहे. त्याखाली नोंद करून घ्या. परवानगी आधी, काम नंतर. सीट काढून झाल्यावर आरटीओत जाऊन उभारलात तर हेलपाटेच हेलपाटे.

दुसरं वजन. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ते घाटात वळणावर आत हिंदकळतं. टाकी मागच्या चाकांच्याही मागं टांगू नका, दोन्ही ॲक्सलच्या मधे, जेवढी खाली घेता येईल तेवढी घ्या, आत आडव्या पट्ट्या मारा. सगळं फर्निचर एकाच बाजूला नको. प्लायवूड बघून घ्या, हौसेनं १८ एमएम वापरतात आणि मग गाडी कपाटासारखी जड होते.

तिसरं वीज. १२ व्होल्टची २०० एएच लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. दीड हजार वॉटचा इंडक्शन अर्धा तास चालवला की त्यातलं पाऊण युनिट गेलं. त्यामुळं इंडक्शन हॉटेलच्या आवारात वायर जोडली तरच लावायचा. नाहीतर पंखा, दिवे, मोबाइल यावरच भागवायचं. नेपाळात सॉकेटला आपल्या तीन गोल पिना बहुतेक ठिकाणी बसतात, व्होल्टेजही आपल्यासारखंच.

आणि निघायच्या आधी टाकी पूर्ण भरून, सगळं सामान चढवून चोर्ला घाट उतरून या. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, ब्रेकवर पाय न ठेवता. वास आला, कडकड आवाज आला, ड्रॉवर उघडला, जे काय व्हायचं ते चोर्ल्यात होऊ दे. तिकडं नेपाळात पाल्प्याच्या चढावर नको.

वडगावचा_माग

लेथमास्तर, एक नंबर. धाग्याच्या वर चिकटवून ठेवा ही पोस्ट.

पाल्प्याचं नाव निघालं म्हणून. आमचं घराणं मागावरचं, आजोबा शहापूर साड्या विणायचे. पाल्पा म्हणजे तानसेन, तिथं ढाका कापड विणतात, नेपाळी टोपीचं ते रंगीत भौमितिक नक्षीचं कापड. मी तिथं एका मागावर बराच वेळ उभारलो होतो. ताणा एकरंगी, नक्षी सगळी बाण्यात, आणि विणणारी बाई कागदावर न बघता रंगीत धाग्याची कांडी तेवढ्याच चार-चार तारांतून घालून काढत होती. प्रत्येक ओळीत मोजणी चालू, तोंडानं माझ्याशी हिंदीत गप्पा. आमच्याकडं पॉवरलूम आल्यावर ही बोटं गेली. तात्या, तानसेनला थांबा. गाव १,३०० मीटरच्या वर आहे, थंडी सोसवेल अशी, गल्ल्या दगडी आणि चढाच्या, सगळं पायी. आपली गाडी खाली लावायची आणि विसरायची.

चिकोडी_२३

म्हणजे कॅम्पर घेऊन जायचं आणि खाली लावून विसरायचं. माझाच मुद्दा सिद्ध केलात की.

खानापूरचा_जंगली

नाही ओ. कॅम्परचा फायदाच हा आहे की ती उभी राहते. हॉटेलात रोज बॅगा भरा, रोज खोली शोधा. इथं एका आवारात चार दिवस घर उभं केलं की झालं. लोक कॅम्परला बस समजून रोज पळवतात आणि मग दमलो म्हणून विकतात.

कारवारची_मालू

विषय थोडा बाजूला नेते. शेजारचाच देश हवा असेल तर श्रीलंका का नाही? आपली गाडी न्यायची भानगड नाही. नागपट्टिनम ते कांकेसंथुराई बोट २०२३ मध्ये सुरू झाली, पण ती माणसांची, गाडी नेत नाही. तिकडं कॅम्पर भाड्यानं मिळतात. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घ्यायचं आणि तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मान्यतेचा कागद करून घ्यायचा. देश छोटा. कँडी, एल्ला, गॉल, मिरिसा, एकेका मुक्कामात फार अंतर नाही. समुद्र आहे. मासे आहेत. :)

गोंधळी_गल्ली

मासे बघायला कारवारच्या माणसानं श्रीलंकेला जायचं म्हणजे गोकाकच्या माणसानं करदंट आणायला दुबईला जाण्यासारखं आहे.

सदाशिवनगर_सावकाश

आम्ही भूतानला गेलो होतो, साधी कार घेऊन. तो देश तात्यांच्या स्वभावाला सगळ्यात जवळचा आहे. थिंफूत सिग्नल नाही, हॉर्न नाही, चौकात पोलीस हातवारे करतो. पण खर्च बघा. भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, सप्टेंबर २०२२ ला सीमा परत उघडली तेव्हापासून. दोघांचे दहा रात्रींचे २४,००० फक्त शुल्काचे. गाडीचं रोजचं वेगळं. आणि रस्त्याकडेला गाडीत झोपलो असं तिथं चालत नाही, परमिट काढताना मुक्काम दाखवावा लागतो. त्यामुळं कॅम्पर असली काय नसली काय. शिवाय भूतानच्या सीमेवरचं फुंटशोलिंग बेळगावहून सोनौलीपेक्षा बरंच लांब.

म्हणून तात्या, भूतान पुढच्या वेळी विमानानं. कॅम्परला नेपाळच बरं.

टिळकवाडीचे_तात्या

श्रीलंका, भूतान दोन्हीची माहिती चांगली मिळाली, धन्यवाद. पण गाडी केलीय तर ती न्यायचीच आहे. नाहीतर लेथमास्तर म्हणतात तसं कपाट करून अंगणात ठेवावं लागेल.

रात्रीच्या मुक्कामाचं अजून कुणी लिहिलं नाही.

सुभेदार_कंग्राळी

तात्या, लिहितो. युरोपात असते तशी कॅम्पसाइट, खांबाला वायर जोडा, नळाला पाइप लावा, असं काही तिकडं धरून चालू नका. दोन-तीन पद्धती आहेत.

पोखऱ्यात लेकसाइडच्या उत्तरेला, पामेच्या बाजूला, परदेशातून रस्त्यानं आलेले लोक मोठमोठ्या गाड्या घेऊन मुक्काम करतात. फेवा तलाव समोर. तिथं तुमची ट्रॅव्हलर लहान दिसेल. बाकी ठिकाणी मोठं आवार असलेलं गेस्ट हाऊस बघायचं. जेवण तिथंच घेतो, गाडी आवारात लावतो, संडास-बाथरूम वापरतो, असं मालकाशी बोलायचं. बहुतेक राजी होतात. मोकळ्या रस्त्याकडेला, नदीच्या पात्रात, कुणाच्या शेतात न विचारता लावायची नाही. पहाडात नदीकाठ कितीही सुंदर दिसू दे.

लुंबिनीला मठांच्या बाजूला धर्मशाळा आहेत. सौराहाला, म्हणजे चितवनच्या जंगलाशी, बागेसारखी आवारं आहेत. तानसेनचं वर आलंच.

रस्त्याचं बोलू. बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा कडा आहे, दरडींसाठी कुप्रसिद्ध, तिथं बोगद्याचं काम काढलंय. तिथून पाल्पा, पुढं वालिङ, स्याङ्जा, पोखरा. हा सिद्धार्थ राजमार्ग अरुंद, वळणं खच्चून. पण मला तोच आवडतो, कारण माझा दोस्त स्याङ्ज्याचा. परतताना पोखरा, डुम्रे, मुगलिन, नारायणगढ, सौराहा असं उतरा. मुगलिन ते नारायणगढ त्रिशूलीच्या काठानं आहे, २०२४ च्या जुलैत तिथंच सिमलतालला दरडीनं दोन बस नदीत ढकलल्या. म्हणून पावसाळ्यात त्या रस्त्याचं नाव नको. दिवाळीनंतर ठीक.

किलोमीटर बघून प्लॅन करू नका. काठमांडू ते पोखरा दोनशे किलोमीटर, सात-आठ तास सहज खातो. आणि संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवायची नाही. वळणावर नाइट बस अंगावर येतात.

बसवण_गल्ली_बाळू

काठमांडू नाही म्हणताय काय? पशुपतिनाथ न बघता परत आलो तर आमची आई घरात घेणार नाही. आणि तिथले मुख्य पुजारी आपल्या कर्नाटकातले भट्ट असतात, पिढ्यान्‌पिढ्या परंपरा आहे. कानडी कानावर पडेल.

सुभेदार_कंग्राळी

बघा की, पण गाडी घेऊन काठमांडूत शिरू नका. पोखऱ्यात गाडी आवारात लावा, सकाळच्या विमानानं किंवा बसनं जावा, दोन रात्री राहून परत या.

चन्नम्मा_सर्कल

मुक्तिनाथ? आमच्या वाड्यातले आचार लोक दरवर्षी कुणी ना कुणी जातातच. शाळिग्राम, गंडकी वगैरे.

सुभेदार_कंग्राळी

३,७०० मीटरच्या वर आहे. पोखरा फक्त आठशे-साडेआठशे. साठीच्या माणसानं एका दिवसात चढून जायचं नाही, वाटेत जोमसोम किंवा मार्फाला रात्र काढायची. बेनीच्या पुढं रस्ता कच्चा-पक्का मिसळ, तुमच्या ट्रॅव्हलरची आतली सगळी कपाटं मोकळी होतील. पोखऱ्यातून लोकल जीप घ्या. विमान जोमसोमला सकाळीच जातं, दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात काढावा लागतो, सार्क देशांच्या लोकांना दर कमी आहे.

निपाणीची_सूनबाई

एक विमान, एक जीप, एक बस. कॅम्पर बिचारी पोखऱ्यात एकटीच निवांत.

चिकोडी_२३

वैनी, या एका वाक्यासाठी तुम्हाला निपाणीहून चिकोडीला बोलावून जेवण.

विमा_वाचा_आधी

सगळे रस्त्याचं बोलूलालाय, एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. आपला मोटार विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. पॉलिसीत ‘भौगोलिक क्षेत्र’ म्हणून एक ओळ असते, ती वाचा. थोडा जादा हप्ता भरला की नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे देश त्यात जोडून मिळतात, त्याला आयएमटी-१ चं एंडोर्समेंट म्हणतात. ऑनलाइन पॉलिसीत हे बटण सहसा दिसत नाही, शाखेत जाऊन लेखी मागावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एकाला काउंटरवरच्या माणसानं ‘नेपाळ काय, भारतच की’ असं सांगून परत पाठवलं होतं. त्यानं चिकाटीनं दुसऱ्यांदा जाऊन कागद काढून घेतला. आणि लेथमास्तरांनी सांगितलेली आरसीची नोंद आधी, मग हा कागद. उलट केलंत तर दोन्ही परत करावे लागतील.

दोघांचा प्रवासी आरोग्य विमाही घ्या. बीपी, शुगर असेल तर लपवू नका.

वडगावचा_माग

पैशाचं: १ भारतीय रुपया = १.६० नेपाळी, १९९३ पासून ठरलेला दर. दुकानात भाव सांगितला की ‘आयसी की एनसी’ विचारायचं, म्हणजे भारतीय की नेपाळी. न विचारता दिले तर शंभराला साठ गेले. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा, मोठ्या नोटांवर विसंबू नका. यूपीआय २०२४ पासून तिकडच्या फोनपेच्या क्यूआरवर चालतं. हे फोनपे नेपाळचं, आपल्या मोबाइलातलं नव्हे. डोंगरात नेटवर्क गेलं की दोन्ही सारखीच.

घड्याळ १५ मिनिटं पुढं.

गोंधळी_गल्ली

१५ मिनिटं! म्हणजे आपली बेळगावची माणसं तिथं पाऊण तास नाही, पूर्ण एक तास उशिरा पोचणार.

काकू_टिळकवाडी

नमस्कार. मी तात्यांच्या घरून. हा धागा त्यांनी मला दाखवला नव्हता, सुनेनं लिंक पाठवली.

निपाणीच्या ताई, तुम्हाला लाडू पाठवते. ‘बघू’ म्हणजे नाहीच होतं. पण सगळं वाचून काढलं आणि आता मत थोडं बदललंय, त्याला अटी आहेत.

एक, मी आठ दिवस गाडीत बसून जाणार नाही. माझे गुडघे तात्यांना माहीत आहेत. मी आणि माझी बहीण पुण्याहून रेल्वेनं गोरखपूरला येतो. तात्यांनी गाडी घेऊन तिथं यावं, सोबत कुणीतरी घेऊन. परत येतानाही तेच. मधले तीन आठवडे मी गाडीत आहे.

दोन, चहा आणि सकाळचा नाष्टा गाडीत, तोही तात्या करतील. जेवण बाहेर. थकाली थाळीबद्दल ऐकलंय, डाळ, भात, भाजी, गुंद्रुक (आंबवलेली पालेभाजी), लोणचं, आणि डाळ-भात पुन्हा पुन्हा वाढतात. मला तेवढं पुरे. ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी न्यायची, पण ती तात्यांना आठवण आली तर. भाकरी ते थापतील.

तीन, मुक्काम चारच. लुंबिनी थोडी, तानसेन, पोखरा सगळ्यात जास्त, शेवटी सौराहा. मुक्तिनाथ या वेळी नाही. मला तलावाकाठी खुर्चीत बसून स्वेटर पुरा करायचाय.

चार, गाडीतल्या संडासाचं पुरुष मंडळींपैकी एकानंही लिहिलं नाही.

लेथमास्तर

काकू, नमस्कार. चार नंबरचं मी लिहितो. पोर्टेबल टॉयलेट घ्या, खाली वेगळी होणारी टाकी असते तशी. रात्री-अपरात्री वापरायला तेवढं पुरतं. ती रिकामी फक्त गेस्ट हाऊसच्या संडासात करायची, आणि ते काम तात्यांच्या यादीत नाष्ट्याच्या खाली लिहा. हात धुवायचं सांडपाणीसुद्धा रस्त्यावर सोडायचं नाही, खाली वीस लिटरचा कॅन लावून देतो म्हणावं तुमच्या कारागिराला. आत चढायला पायरी रुंद करून घ्या, गुडघ्यांसाठी दारात धरायला पाइप. हा पाइप मी स्वतः वाकवून देतो, पैसे नकोत.

चिकोडी_२३

काकूंच्या अटी वाचल्या. मी माझा विरोध मागं घेत नाही, पण निम्मा करतो. रेल्वेनं जाणारे निवांत, गाडीनं जाणारे हौशी, हे मान्य.

सदाशिवनगर_सावकाश

तारखांचं कुणी बोललं नाही. दिवाळी म्हणजे तिकडं तिहार, त्याआधी दसऱ्याला दशैं. दशैंत अर्धा देश गावी जातो, बस-जीप भरलेल्या, दुकानं बंद. तिहार संपल्यावर जा. नोव्हेंबरात आकाश धुतल्यासारखं असतं, पोखऱ्यातून माछापुच्छ्रे शिखर सकाळी स्वच्छ दिसतो. पण परतीचं नीट बघा. डिसेंबरच्या मध्यानंतर तराईत आणि गोरखपूर-प्रयागराज पट्ट्यात दाट धुकं पडतं. सकाळी दहा-अकरापर्यंत समोरच्या ट्रकचा मागचा दिवा दिसत नाही, रेल्वेही तास न् तास उशिरा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रीवा पार केलेलं असावं.

टिळकवाडीचे_तात्या

घरात ठराव मंजूर झालाय, मला मत नव्हतं.

म्हणजे साधारण असं. तिहार संपला की सोनौली. लुंबिनीत दोन रात्री, मायादेवी मंदिर आणि अशोकाचा स्तंभ सायकलवरून बघू. तानसेन चार-पाच दिवस, वडगावच्या मागवाल्यांनी सांगितलेलं कापड बघायचंच आहे. पोखरा दहा-बारा दिवस. मधे हौस आली तर दोन दिवस काठमांडू, विमानानं. उतरताना एक रात्र बंदिपूर (नेपाळातलं), मग सौराहा तीन-चार दिवस. भन्सार पंचवीस दिवसांचं भरतो. डिसेंबर लागताच परत.

राहिला प्रश्न गोरखपूरपर्यंत माझ्यासोबत कोण. मुलाला सुट्टी नाही. खानापूरचे जंगली, तुम्हाला आठ दिवस चालवायला आवडतं म्हणालात?

खानापूरचा_जंगली

आवडतं ओ, पण नोव्हेंबरात आमच्याकडं भात कापणी. तेव्हा मला घरातून हलता येत नाही.

सुभेदार_कंग्राळी

मी येतो. पेन्शनर माणूस, मला काय काम आहे. गोरखपूरला काकू चढल्या की मी उतरतो आणि बसनं स्याङ्ज्याला दोस्ताकडं जातो. तुम्ही मागनं पोचाल तेव्हा त्याच्या घरी जेवायला यायचं, हे ठरलं. परतीला गोरखपुरात परत भेटू. आपला बेळगावी कुंदा दोन किलो जास्तीचा घ्या, त्याच्या घरी माणसं भरपूर आहेत.

फक्त एक. पहाटे पाचला निघायची माझी सवय आहे.

टिळकवाडीचे_तात्या

सुभेदारसाहेब, पाच जरा...

निपाणीची_सूनबाई

आता कसं! पहाटे पाचचा चहा कोण करणार, तेही आत्ताच लिहून घ्या.

सुभेदार_कंग्राळी

चहा मी करतो. साडेपाचच्या खाली उतरणार नाही.

टिळकवाडीचे_तात्या

सहा.

विमा_वाचा_आधी

वेळ ठरवा सावकाश. सुभेदारसाहेब गाडी चालवणार असतील तर गाडीच्या वजनाप्रमाणं त्यांच्या लायसन्सवर वर्ग बरोबर आहे का ते बघा, मिलिटरी लायसन्स असेल तर ते सिव्हिलमध्ये बदलून घेतलेलं हवं. आणि तात्या, आरटीओत अर्ज टाकलात का अजून?

टिळकवाडीचे_तात्या

सोमवारी जातोय.

लेथमास्तर

सीट काढल्या नाहीत ना अजून?

काकू_टिळकवाडी

काढल्या. आमच्या व्हरांड्यात आहेत. दोन सीटवर सध्या गहू वाळत घातलाय.

लेथमास्तर

तशाच जपून ठेवा, गहू काढून ठेवा. आरटीओवाले मूळ गाडी बघायला मागितली तर परत बसवून दाखवाव्या लागतील. बोल्ट हरवले असतील तर उद्यमबागेत या, मापाचे देतो.